मोठेपणाची शिडी आणि लोकांची जीभ

हळदीकुंकवाला आलेली एखादी बाई निरोप घेऊन निघते. तिच्या सँडलचा आवाज जिन्यावर विरतो न विरतो तोच आत कुणीतरी म्हणते, ‘‘पाहिलंत ना? कालपर्यंत आपल्याच नळावर पाणी भरत होती. आता म्हणे, आमच्याकडे रविवारी कुणी स्वयंपाकच करत नाही!’’ दुसरी हळूच भर घालते, ‘‘स्वर्ग दोन बोटं उरलाय तिला!’’ तिसरी काहीच बोलत नाही. नुसता ओठांना पदर लावून हसते.

हे दृश्य गिरगावातले असेल, नागपूरचे असेल किंवा तीन पिढ्यांपूर्वी इंदूर-बडोद्याला जाऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातले असेल. गाव बदलते, संवाद तोच राहतो. आपल्या शेजारचे, आपल्या नात्यातले, आपल्या कार्यालयातले कुणीतरी वर चढू लागले की आपली जीभ आपोआप सैल सुटते. चढणारा कसा चढतो, यावर पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे. पण त्याच्याविषयी बोलताना आपण कोणते शब्द वापरतो आणि ते शब्द आपल्याविषयी काय सांगतात, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

इंग्रजीत अशा माणसाला ‘सोशल क्लायंबर’ म्हणतात. म्हणजे समाजाच्या उतरंडीत धडपडत वर चढणारा, त्यासाठी वरच्यांशी सलगी करणारा आणि खालच्यांना विसरणारा. मराठीत याला नेमका एकच शब्द नाही. पण म्हणून मराठी माणूस गप्प बसला आहे, असे थोडेच आहे? एका शब्दाच्या जागी त्याच्याकडे शब्दांचे गाठोडेच आहे. ते गाठोडे सोडून पाहिले तर त्यात तीन वेगवेगळे ढीग निघतात.

पैशाचा खळखळाट

पहिला ढीग आहे दिखाऊपणाचा. डामडौल, बडेजाव, तोरा, ऐट, मिजास, दिमाख, फुशारकी... यादी संपता संपत नाही. यातले कित्येक शब्द फारसी-अरबीतून दरबारांच्या वाटेने मराठीत आले आणि येताना आपला मूळ अर्थ वाटेतच सोडून आले. ‘मिजाज’ म्हणजे मुळात माणसाची प्रकृती, स्वभाव. मराठीत त्याची झाली ‘मिजास’ आणि तिचा अर्थ झाला घमेंड. ‘दिमाग’ म्हणजे मेंदू. मराठीत त्याचा ‘दिमाख’ झाला आणि डोक्यातली वस्तू अंगावरच्या दागिन्यांत, दारातल्या मोटारीत दिसू लागली.

म्हणींनी तर या मंडळींना कधीच सोडलेले नाही. घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा. उथळ पाण्याला खळखळाट फार. बडा घर, पोकळ वासा. नाकापेक्षा मोती जड. या म्हणींत राग कमी आणि गंमत जास्त आहे. कारण दिखावा करणारा सर्वांत आधी स्वतःलाच खड्ड्यात घालतो, हे सामान्य माणसाला ठाऊक असते. ‘सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही,’ असे म्हातारी माणसे सांगत, ते उगीच नव्हे.

दिखाव्याच्या वस्तू मात्र काळाप्रमाणे बदलत जातात. १९८२ साली दिल्लीच्या एशियाड स्पर्धांच्या निमित्ताने भारतात रंगीत दूरदर्शन आले आणि रंगीत संच असलेले घर चाळीत उठून दिसू लागले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८३ मध्ये, मारुती रस्त्यावर आली. फ्रिज ही खरे तर स्वयंपाकघरातली वस्तू. पण किती घरांत तो दिवाणखान्यात, पाहुण्यांच्या नजरेसमोर विराजमान झाला होता! टेलिफोनवर क्रोशाचे झाकण असे आणि त्यावर घराची प्रतिष्ठा. १९९१ नंतर बाजार खुला झाला आणि वस्तूंचा पूर आला. आज फ्रिजने कुणाचे डोळे दिपत नाहीत. त्याची जागा आता परदेशवारीच्या छायाचित्रांनी, मुलांच्या ‘इंटरनॅशनल’ शाळेने आणि राजस्थानातल्या महालात लागलेल्या लग्नांनी घेतली आहे. पूर्वी दिखावा पाहायला निदान घरी यावे लागे. आता तो प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलवर येऊन पोहोचतो, एवढाच फरक.

थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली आपल्या ग्रंथात हेच सांगितले होते. नुसती संपत्ती असून भागत नाही, ती चारचौघांना दिसावी लागते, तरच मान मिळतो. म्हणून माणूस गरजेसाठी जेवढा खर्च करतो, त्याहून अधिक दाखवण्यासाठी करतो. व्हेब्लेनला जे सिद्ध करायला एक जाडजूड ग्रंथ लिहावा लागला, ते आपल्या आजीने एका म्हणीत उरकले होते.

शेपटी हलवणारे

दुसरा ढीग आहे खुशामतीचा. इथे मराठी भाषा जरा जास्तच धारदार होते. लाळघोट्या, खुशमस्कऱ्या, चमचा, हांजी हांजी करणारा, पुढे पुढे करणारा. साहेबाच्या मुलाच्या मुंजीत स्वतःच्या घरचे कार्य असल्यासारखा घाम गाळणारा आणि सख्ख्या मावसभावाच्या मुंजीला मात्र ‘ऑडिट आहे’ म्हणून न जाणारा माणूस प्रत्येक कचेरीत सापडतो.

अशांसाठी वर्तमानपत्रे एक भारदस्त संस्कृत शब्द वापरतात : लांगूलचालन. लांगूल म्हणजे शेपूट, चालन म्हणजे हलवणे. साध्या मराठीत यालाच ‘गोंडा घोळणे’ म्हणतात. शब्द अग्रलेखातला असो की पाणवठ्यावरचा, दोन्हीकडे चित्र एकच आहे : मालकापुढे शेपूट हलवणारे कुत्रे. आणि ज्याच्यापुढे शेपूट हलवली जाते, त्याला ‘हरभऱ्याच्या झाडावर चढवले’ असे म्हणतात. हरभऱ्याचे झाड ते केवढे! गुडघ्याएवढे. म्हणजे वर चढणाराच नव्हे, तर ज्याला चढवला तो मोठा माणूसही यात हास्यास्पद ठरतो. आपल्या भाषेचा हा न्याय मोठा मासलेवाईक आहे.

या दोन ढिगांतल्या शब्दांविषयी फारशी तक्रार करण्याचे कारण नाही. पोकळ दिखावा आणि लाचार खुशामत यांना नावे ठेवली गेली तर बिघडले कुठे? समाजाला थोडासा आरसा हवाच असतो. खरी अडचण तिसऱ्या ढिगापाशी सुरू होते.

‘आपली पायरी ओळखून राहावं’

तिसरा ढीग आहे पायरीचा. ‘पायरी सोडून वागतो.’ ‘डोक्यात हवा गेली.’ ‘शेफारलाय.’ ‘चार पैसे हातात आले तर पाय जमिनीवर नाहीत.’ ‘कितीही केलं तरी मूळ जात नाही.’ हे शब्द पहिल्या दोन ढिगांतल्या शब्दांसारखेच वाटतात, पण त्यांचे काम वेगळे आहे. डामडौल म्हणताना आपण माणसाच्या वागण्याला नाव ठेवतो. पायरी म्हणताना आपण त्याच्या जन्माला नाव ठेवतो. डामडौल करणाऱ्याने डामडौल सोडला तर तो सुटला. पण ज्याची पायरीच खालची ठरवून टाकली आहे, त्याने काय सोडावे?

आणखी एक मौज पाहण्यासारखी आहे. पायरीची आठवण नेहमी वरचा खालच्याला करून देतो. पिढीजात वाड्यात राहणाऱ्याने ऐश्वर्य दाखवले तर ते ‘खानदानी’ असते. तेच झोपडपट्टीतून वर आलेल्याने दाखवले तर तो ‘नवश्रीमंत’ होतो. जुन्या पैशाला वास नसतो, नव्या पैशाला मात्र लगेच येतो! वास्तविक प्रत्येक जुना पैसा कधीतरी नवा होताच. वाडा बांधणाऱ्या पणजोबांना त्यांच्या गावाने त्या काळी काय म्हटले असेल, हे वाड्यातल्या तसबिरी थोडेच सांगणार?

हा काही आपल्याच समाजाचा दोष नाही. फ्रेंच भाषेत अशा माणसाला ‘पार्वेन्यू’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ आहे ‘पोहोचलेला’. आपल्याकडे ‘पोहोचलेला’ म्हटले की एक तर सिद्धपुरुष डोळ्यांसमोर येतो, नाही तर पक्का बेरकी. फ्रेंचांच्या पोहोचलेल्याला मात्र पोहोचूनही कुणी आत घेत नाही. इंग्रजीतल्या ‘स्नॉब’ या शब्दाची कथा तर याहून गमतीची. अठराव्या शतकात बोलीभाषेत स्नॉब म्हणजे जोडे शिवणारा कारागीर. पुढे केंब्रिजचे विद्यार्थी आपल्या विद्यापीठाबाहेरच्या सामान्य गावकऱ्यांना स्नॉब म्हणू लागले. मग विल्यम थॅकरे या कादंबरीकाराने, ज्याचा जन्म १८११ साली आपल्या कोलकात्यात झाला होता, १८४६-४७ मध्ये ‘पंच’ साप्ताहिकात स्नॉब मंडळींवर विनोदी लेखमाला लिहिली. त्यानंतर तो शब्द हळूहळू उलटा फिरला. आज स्नॉब म्हणजे खालचा माणूस नव्हे, तर खालच्यांकडे तुच्छतेने पाहणारा. जो शब्द वरच्यांनी खाली फेकला होता, तो फिरून त्यांच्याच अंगावर आला.

अमेरिकेत १९१३ साली एका वृत्तपत्रात ‘जोन्स मंडळींच्या बरोबरीने’ अशा अर्थाच्या नावाची चित्रमालिका सुरू झाली. एक कुटुंब सारखे शेजारच्या जोन्स कुटुंबाशी बरोबरी करायला धडपडते. गंमत अशी, की हे जोन्स कुटुंब मालिकेत कधी दिसतच नाही! ज्यांच्यासाठी एवढा आटापिटा करायचा, ते शेजारी बहुधा आपल्याकडे पाहतही नसतात, हे त्या चित्रकाराला चांगलेच कळले होते.

दोन्हीकडचे बोल

पण विनोद बाजूला ठेवला, तर या शब्दांनी माणसे दुखावतात. कशी दुखावतात, ते मुंबईच्या गिरणगावातून उपनगरात गेलेल्या कुठल्याही घरात विचारावे. असेच एक घर. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप रेंगाळला आणि गिरणगावातल्या हजारो चुली मंदावल्या. या घरातला कर्ता पुरुषही पुन्हा कामावर जाऊ शकला नाही. घरातली बाई आधी पाच-सहा गाववाल्यांना जेवायला घालत असे. तिने आपली खानावळ वाढवली. दोन वेळा मिळून चाळीस पाने. पहाटे चारला उठायचे, पोळ्यांचा ढीग लावायचा, आमटीचे पातेले एकटीने उतरवायचे. त्या पातेल्यावर धाकटा मुलगा शिकला, पदवीधर झाला, बँकेत लागला, पुढे अधिकारी झाला आणि चाळीतली खोली सोडून त्याने उपनगरात तीन खोल्यांचा फ्लॅट घेतला.

चाळीने त्याला काय म्हटले? ‘‘साहेब झाला आता! गणपतीला येतो ते पण हात न लावता दर्शन घेऊन जातो. डोक्यात हवा गेली.’’ आणि नव्या सोसायटीने काय म्हटले? ‘‘माणसं तशी बरी आहेत हो. पण बोलणं ऐकलंत ना? चाळीतलीच.’’ एकाच माणसाला खालचे म्हणतात वर गेला, वरचे म्हणतात खालचाच राहिला. जिन्याच्या मधल्या वळणावर उभ्या असलेल्या माणसाला दोन्हीकडून ढकलले जाते, तशी त्याची गत झाली.

अशा वेळी माणूस काय करतो? बहुतेक वेळा तो स्वतःचीच माणसे लपवू लागतो. सुनेने सोसायटीतल्या मैत्रिणींना सांगितले, ‘‘आमच्या सासूबाईंचा केटरिंगचा व्यवसाय होता.’’ तिने खोटे सांगितले, असेही म्हणता येत नाही. पण सासूबाईंनी ते ऐकले आणि त्या दिवसापासून बाहेरची माणसे आली की त्या आतल्या खोलीत जाऊन बसू लागल्या. ‘‘मला काय येतं तुमच्यासारखं बोलायला?’’ एवढेच म्हणत. चाळीस माणसांना वाढताना जिचा आवाज चाळीच्या टोकापर्यंत जाई, ती बाई स्वतःच्या मुलाच्या घरात कुजबुजू लागली. हे घडवायला कुणी दुष्ट माणूस लागला नाही. सुनेला सासूचा तिटकारा होता, असेही नव्हते. तिला फक्त भीती होती : पुन्हा ते शब्द ऐकावे लागतील, ही.

कोंडी फोडली ती नातीने. तिच्या लग्नाची बोलणी करायला मंडळी आली होती. मुलाच्या आत्याने सहज विचारले, ‘‘आजी पूर्वी काय करत असत?’’ क्षणभर खोलीत शांतता पसरली. सून काही बोलणार, तोच नात म्हणाली, ‘‘आजीची लालबागला खानावळ होती. रोज चाळीस माणसं जेवायची. बाबा त्यावरच शिकले.’’ पाहुण्यांना त्यात काही वावगे वाटले नाही. उलट आत्याबाई म्हणाल्या, ‘‘मग आज आम्हाला त्यांच्याच हातची आमटी हवी.’’ आजी आतून बाहेर आल्या. जी गोष्ट लपवण्यात एवढी वर्षे गेली, ती सांगायला तीन वाक्ये पुरली.

पाहुणे वेगळ्या वृत्तीचे असते तर? तर कदाचित ते लग्न ठरले नसते. पण मग त्या मुलीला जन्मभर काय लपवावे लागले असते, हेही त्याच दिवशी कळले असते.

चढणे आणि उठणे

वर चढणाऱ्याला नावे ठेवण्यापूर्वी आपल्या देशाच्या इतिहासाकडेही एकदा पाहायला हवे. कारण इथे ‘वरच्यांची नक्कल’ हा शब्दप्रयोग फार जपून वापरावा लागतो.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला परिषद भरली होती. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या स्त्रियांशी स्वतंत्रपणे संवाद साधला. कोणत्या जातीच्या बाईने लुगडे कसे नेसायचे, कोणते दागिने घालायचे, हेदेखील तेव्हा ठरलेले असे. बाई दुरून दिसली तरी तिची जात कळावी, अशी ती व्यवस्था होती. बाबासाहेबांनी त्यांना सांगितले, की जातीची ओळख पटवणारी ही नेसण आणि ते जड दागिने टाकून द्या, इतर स्त्रियांप्रमाणे घोळदार लुगडे नेसा, मुलींना शिकवा. बायकांनी ते मनावर घेतले आणि लागलीच आपली नेसण बदलली. त्या वेळी हे पाहून किती जणांनी ‘पायरी सोडली’ म्हणून नाके मुरडली असतील! पण ती नक्कल नव्हती. तो स्वाभिमान होता.

दक्षिणेत त्रावणकोर संस्थानात नाडार स्त्रियांना अंगभर वस्त्र पांघरता यावे म्हणून अनेक वर्षे झगडावे लागले. अखेर १८५९ साली संस्थानाने परवानगी दिली, तीही कशी? अंग झाकता येईल, पण वरच्या जातींच्या बायकांसारखे नव्हे! म्हणजे कापडाला हरकत नव्हती, बरोबरीला होती. आणि हा सारा भूतकाळ आहे, अशी समजूत करून घेण्याचेही कारण नाही. २०१८ साली उत्तर प्रदेशातल्या कासगंज जिल्ह्यात एका दलित तरुणाला आपली वरात वरच्या जातीच्या वस्तीतून नेण्यासाठी कित्येक महिने अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या. शेवटी पोलिसांच्या बंदोबस्तात वरात निघाली. इतर कुणी थाटात वरात काढली तर ती हौस आणि त्याने काढली तर तो उद्दामपणा!

म्हणून शब्द वापरताना एक भेद करायलाच हवा. चढणे वेगळे आणि उठणे वेगळे. चढणाऱ्याला दुसऱ्याचा खांदा लागतो. उठणारा स्वतःच्या पायांवर उभा राहतो. बसवून ठेवलेला माणूस उभा राहिला, तर तो आपल्यापेक्षा उंच झाला, असा भास बसलेल्यांना होतो. त्यात दोष उभे राहणाऱ्याचा नसतो.

किंमत कोण मोजते?

तरीही खोट्या चढण्याची एक किंमत असते आणि ती बहुतेक वेळा घरातल्या बायका मोजतात. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी कूर्गमधल्या लोकजीवनावर १९५२ साली पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी ‘संस्कृतीकरण’ ही कल्पना मांडली. खालच्या मानल्या गेलेल्या जाती वरच्या जातींचे आचारविचार, सणवार, सोवळे-ओवळे उचलतात आणि एक-दोन पिढ्यांत उतरंडीत वरची जागा मागतात, असा तिचा आशय. यात वाईट काय, असे कुणी म्हणेल. वाईट हे, की वरच्यांचे चांगले तेवढेच उचलले जात नाही. त्यांची बंधनेही उचलली जातात.

आपल्याकडे अनेक समाजांत लग्नात मुलीच्या बापाला ‘देज’ देण्याची चाल होती. शेतात राबणारी मुलगी घरातून जाते, तिचे मोल मुलाकडच्यांनी द्यायचे, असा व्यवहार. तोही काही आदर्श नव्हता. पण घर जरा सुधारले, दोन पैसे आले, की देज घेणे कमीपणाचे वाटू लागले आणि हुंडा देणे प्रतिष्ठेचे! शेतावर जाणारी सून घरात बसली, कारण ‘आमच्या घरच्या बायका कामाला जात नाहीत’ असे सांगता यावे. विधवेचा पाट लावणारे घर पाट लावायला लाजू लागले. घराची पायरी वर गेली आणि घरातल्या बाईची खाली आली. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला. पण हुंडा देणे ही ‘वरच्यांची रीत’ वाटते तोवर नुसता कायदा किती पुरा पडणार?

शहरातही वेगळे काही घडत नाही. मैत्रिणीच्या मुलीचे लग्न पाचशे पानांचे झाले म्हणून आपले सातशेंचे करायचे, त्यासाठी निवृत्तीच्या वेळी मिळालेली पुंजी मोडायची किंवा कर्जाचे हप्ते डोक्यावर घ्यायचे. मग वर्षभर आईने दात दुखत असूनही दवाखान्यात जायचे टाळायचे. ऋण काढून सण करणाऱ्या घरात सणाचा दिवस एक आणि ऋणाचे दिवस अनेक असतात. मुले हे सारे पाहत असतात. पाहुण्यांसमोरची कपबशी वेगळी आणि आजोबांची वेगळी, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. पुढे कधीतरी तीच मुले आपल्या आईवडिलांना आतल्या खोलीत बसवतात, तेव्हा तो धडा त्यांना कुणी शिकवला, हे विचारण्यात अर्थ नसतो.

नाव ठेवण्यापूर्वी

मग काय करावे? वर जाण्याची इच्छाच धरू नये? मुळीच नाही. चांगले घर, चांगली शाळा, चांगली भाषा, चार सुखाच्या वस्तू यांची इच्छा धरण्यात लाज कसली? ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण खरीच. पण कष्टाने मोठे अंथरूण विणणाऱ्याला तिने कुठे अडवले आहे?

स्वतःसाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. वर जाताना आपल्याला कुणाला लपवावे लागते आहे का? आपण घेत असलेली वस्तू कुणी पाहणारच नसेल, तरीही ती आपल्याला हवी आहे का? आणि ज्यांच्यासाठी हा आटापिटा चालला आहे, ते आपल्या अडचणीच्या रात्री दार उघडतील का? या तिन्ही प्रश्नांना मनाने बिनदिक्कत उत्तर दिले, तर लोक काय म्हणतात याकडे खुशाल दुर्लक्ष करावे. पण एखाद्या प्रश्नाशी जीभ अडखळली, तर जिथे आहोत तिथेच जरा थांबून मागे वळून पाहणे बरे.

आणि दुसऱ्यासाठी? त्याच्यासाठी एकच प्रश्न. जे त्याने केले, तेच आपल्या भावाने केले असते, तर आपण कोणता शब्द वापरला असता? भावाने मोटार घेतली की ‘कर्तबगार’ आणि शेजाऱ्याने घेतली की ‘डोक्यात हवा’. भाची इंग्रजी बोलली की ‘हुशार’ आणि मोलकरणीची मुलगी बोलली की ‘शेफारली’. असे होत असेल, तर दोष वर चढणाऱ्यात नाही, आपल्या शब्दांत आहे.

मोलकरणीची मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली आणि पेढे घेऊन दारात आली, तर तिला दारातूनच ‘शाब्बास’ म्हणून परत पाठवू नका. आत बोलवा, खुर्ची द्या, पुढे काय शिकणार ते विचारा. ती खुर्चीच्या कडेला अवघडून बसेल. पण पुढल्या वेळी येईल, तेव्हा नीट टेकून बसेल.